देवगिरीवर धान्य होतं का मीठ? मोंढ्यातून एक पत्र

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत देवगिरीवर पानभर मजकूर आला होता. फोटो लई भारी होते, पण त्यात लिहिलंय की किल्ला सकाळी दीड-दोन तासात उरकून दुपारपर्यंत वेरूळ गाठता येतं. येतं की, कोण नाही म्हणतं. सहलीच्या गाड्या तेच करतात. चांदमिनारापुढं ग्रुप फोटो, भारतमातेचं दर्शन, मेंढा तोफेच्या डोक्यावरून हात, अंधारीत, म्हणजे वर जाणाऱ्या काळोख्या भुयारात, पोरापोरींच्या किंकाळ्या आणि चला बसा गाडीत. मी जालन्याच्या मोंढ्यात अडतीचं काम करतो, इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, पण पोत्यांचा धंदा करणाऱ्या माणसाला हा किल्ला जसा दिसतो तसा तो तुमच्या पुरवणीत कुठंच दिसला नाही म्हणून लिहितोय. पत्र लांब झालंय, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की या किल्ल्याच्या तटाचं, खंदकाचं, अंधारीचं सगळे सांगतात, पण तो गेला कशानं हे विचारलं की गाइडपासून पुस्तकापर्यंत सगळे "फितुरी" म्हणून मोकळे होतात. १२९६ ला आणि १६३३ ला काय झालं ते नीट बघा, दोन्ही वेळेला वर खायचे वांधे झाले होते. कडा चढून, शिड्या लावून, अंधारीतून लढत लढत कुणी माथ्यावर पोचलंय असं नाही झालं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संभाजीनगरहून खुलताबाद-वेरूळकडं निघालं की पंधराएक किलोमीटरवर, सपाटीतून एकदम वर उठलेला २०० मीटरच्या आसपास उंच डोंगर दिसतो. त्याचा खालचा कडा चारी बाजूंनी छिन्नीनं तासून भिंतीसारखा उभा केलाय, पन्नासएक मीटर तरी असेल, ते निसर्गाचं काम नाही, माणसांच्या हातचं आहे. कड्याच्या पायाशी खडकातच खोदलेला खंदक, आणि खंदकाबाहेर एकात एक तट, काळाकोट, महाकोट, अंबरकोट. आपला गाडीरस्ता अंबरकोटाच्या जुन्या वेशीतूनच जातो, एका टायमाला एकच मोठी गाडी निघते, तिथं रविवारी अडकलेला माणूस किल्ल्याचं संरक्षण किती भक्कम होतं ते स्वतः अनुभवतो. पाचव्या भिल्लम यादवानं ११८७ च्या सुमारास इथं राजधानी केली, सिंघणदेवाच्या काळात राज्य पार पसरलं, आणि रामदेवराव गादीवर असताना १२९० ला ज्ञानेश्वरी झाली, तिच्यात माऊलींनी न्यायानं राज्य करणारा राजा म्हणून त्याचं नाव घेतलंय. त्यानंतर सहाच वर्षात अल्लाउद्दीन आला.

अल्लाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता बरं का, उत्तरेतल्या कडा नावाच्या गावाचा सुभेदार होता, दिल्लीच्या जलालुद्दीन खिलजीचा पुतण्या आणि जावई. काकाला न सांगता काही हजार घोडेस्वार घेऊन निघाला, विंध्य-सातपुडा ओलांडून एलिचपूरवरून (आजचं अचलपूर) थेट इथं. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. रामदेवरावानं हाताशी होती तेवढी माणसं घेऊन अडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग किल्ल्यात जाऊन दारं लावून घेतली. खाली शहर लुटलं जात होतं आणि वर राजा बसून होता. आता इथं ती प्रसिद्ध गोष्ट येते. कोकणातून मीठ घेऊन निघालेले व्यापारी गडबड ऐकून पोती तिथंच टाकून पळाले होते, राजाच्या माणसांना वाटलं धान्य आहे, घाईघाईत ती सगळी पोती वर ओढून नेली. मधे शंकरदेव फौज घेऊन परत आला, लढाई जवळपास जिंकतच आला होता, तेवढ्यात अल्लाउद्दीननं वेढ्यावर ठेवलेली तुकडी धुराळा उडवत आली आणि यादवांच्या फौजेला वाटलं दिल्लीचं मोठं सैन्य आलं, कारण मागून वीस हजार स्वार येताहेत ही पुडी अल्लाउद्दीननं आधीच सोडून ठेवली होती. फौज फुटली. तरीही किल्ला उभाच होता. मग वर पोती उघडली तर निघालं मीठ, आणि राजानं तह केला. सोनं, मोती, हत्ती आणि वर एलिचपूरचा वसूल. त्याच पैशाच्या जोरावर त्या माणसानं काही महिन्यात काकाला मारून दिल्लीची गादी घेतली.

ही मिठाची गोष्ट घडल्यावर तीनशे वर्षांनी लिहिलेल्या फारसी इतिहासात आहे, त्यामुळं ती जशीच्या तशी खरी मानायची का हा विद्वानांचा प्रश्न. पण मोंढ्यातल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न वेगळाच येतो. मिठाचं पोतं आणि धान्याचं पोतं ओळखू आलं नाही? अहो एकाच मापाचं पोतं असेल तर खडे मीठ ज्वारीच्या सव्वा ते दीडपट भरतं. पाठीवर घेतलं की पहिल्याच पावलाला कळतं. धान्याचं पोतं पाठीवर बसतं, दाणा सरकतो, खांद्याच्या बाकाप्रमाणं आकार घेतो. मीठ बसत नाही, कोपरे टोचतात. शिवाय मिठाच्या बारदान्याला ओल धरते, शिवणीजवळ पांढरट कड येते, रिकामं झालं तरी ते पोतं दुसऱ्या कामाला कुणी घेत नाही. आणि एवढं करून शंका राहिलीच तर आमच्याकडं मापाडी, हमाल, व्यापारी कुणीही आलेल्या पोत्यात आधी परखी (नमुना काढायची टोकदार नळी) खुपसतो, मूठभर माल तळहातावर घेतो, दोन दाणे दाताखाली, मग भावाचं बोलणं. न उघडता पोतं आत घेणारा माणूस मोंढ्यात आठ दिवस टिकायचा नाही.

ही गोष्ट मी आमच्या एका जुन्या हमालाला सांगितली. चहा पिता पिता ऐकून घेतली आणि म्हणाला, मालक, पोती शिपायांनीच उचलली असतील, हमाल कुठं होते तिथं, हमाल तर खाली शहरात पळत होते. मला हे उत्तर एकदम पटलं. ज्याला तलवारीचं वजन माहिती त्याला पोत्याचं कुठून माहिती असणार. राजाच्या पदरी पंडित होते, हेमाद्रीसारखा कारभारी होऊन गेला होता, पण त्या दिवशी मालात हात घालून बघणारा एक माणूस वर नव्हता.

आणि दुसरं. अल्लाउद्दीन कड्याहून निघाला तो फेब्रुवारीच्या शेवटी आणि लूट घेऊन परत पोचला जूनच्या सुरुवातीला, त्या तारखा इतिहासात नोंदलेल्या आहेत. म्हणजे तो इथं होता ते दिवस आपल्याकडं रब्बीची ज्वारी, हरभरा, गहू काढून खळ्यावर असायचे. जुनं धान्य संपत आलेलं, नवं अजून गावागावात, मळणी चालू, वसुलीचं धान्य राजधानीत यायला वेळ आहे. कोठारं रिकामी असायचा हाच काळ. त्यानं हे ठरवून केलं का नशिबानं झालं सांगता येत नाही, पण दिवाळी झाल्यावर आला असता तर खरिपाचा माल आत येऊन पडलेला सापडला असता असं मला आपलं वाटतं. मीठ खरं असो नसो, वर धान्य नव्हतं ही गोष्ट खरी वाटते, आणि एवढा अवघड किल्ला एवढ्या लवकर का वाकला त्याला मिठाची गोष्ट जोडली गेली असेल, कारण राजा बेसावध होता असं लिहिण्यापेक्षा पोती फसवी निघाली असं लिहिणं सोपं.

किती धान्य लागतं याचा अंदाज घ्या म्हणजे कळेल. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दिवसाला पाऊण किलो ज्वारी धरा, वरण-तेल सोडा. हजार माणसं वर असतील तर दिवसाचे साडेसात क्विंटल. सहा महिन्याचे १३५० क्विंटल. आजच्या हिशोबानं दहा चाकी आठ-नऊ गाड्या भरून माल झाला, आणि तो त्या उभ्या पायऱ्यांनी माणसांच्या पाठीवर वर जाणार. यात घोड्यांचा हरभरा नाही, हत्ती तर सोडूनच द्या. घाबरून आत पळून आलेल्या शहरातल्या बायकापोरांना धरलं तर हजार हा आकडाच हसण्यासारखा आहे. पुढं मराठेशाहीत लोक याबाबतीत शहाणे होते, किल्ल्यावर आधी धान्य आणि दारूगोळा, मग बाकीचं. पन्हाळ्याचा अंबरखाना ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल, एवढं मोठं कोठार बघून माझ्यासारख्या माणसाचा पाय तिथून निघत नाही.

१२९६ नंतरचं पटकन सांगतो. खंडणी थांबली म्हणून अल्लाउद्दीनचा सरदार मलिक काफूर आला, रामदेवरावाला दिल्लीला नेऊन मानपान करून परत पाठवलं, त्याच्या मागून शंकरदेव मारला गेला, शेवटी रामदेवरावाचा जावई हरपाळदेवाला कुत्बुद्दीन मुबारक खिलजीनं फार क्रूरपणे मारलं आणि यादवांचं राज्य संपलं. मग १३२७ ला महंमद तुघलक, दिल्लीची राजधानी इथं आणली, नाव ठेवलं दौलताबाद. यावर इतके विनोद झालेत की मी भर घालत नाही, फक्त एवढंच म्हणतो की राजधानी परत गेली तरी गाव काही ओस पडलं नाही, त्यानंतर आलेल्या इब्न बतूता नावाच्या मोरोक्कोच्या प्रवाशानं इथल्या बाजाराचं कौतुक केलंय, इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं लिहिलंय. त्यानंच किल्ल्यातल्या कोठडीतल्या उंदरांचं पण लिहिलंय, मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना भितात म्हणे. एवढे उंदीर जिथं माजतात तिथं धान्य नक्की असणार, म्हणजे तोपर्यंत कुणीतरी धडा घेतला होता. १३४७ ला बहमनी राज्याची सुरुवात पण इथंच झाली, चांदमिनार त्यांचा, १५व्या शतकातला, ६० मीटरच्या वर उंच.

निजामशाहीत जनार्दनस्वामी इथं किल्लेदार होते हे आपल्या लोकांना सांगायला पाहिजे, कारण निम्मे लोक त्यांच्या समाधीपर्यंत जातच नाहीत. पैठणहून एकनाथ महाराज लहान वयात त्यांच्याकडं आले आणि इथंच राहिले. ती पैची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे, हिशोबात एक पै चुकत होती, नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, ती ऐकून गुरू जागे झाले. कीर्तनकार ह्यातून एकाग्रता सांगतात. माझं डोकं वेगळीकडं जातं, किल्लेदाराच्या कचेरीतला हिशोब म्हणजे कशाचा असणार? शिबंदीचा पगार आणि दाणागोटा, किती आलं, किती उचललं, किती शिल्लक. एका पैसाठी रात्र जागवणारा कारकून जिथं आहे त्या गडावर मिठाचं पोतं धान्य म्हणून चढणार नाही. दिवाळीच्या आधी आमच्या पेढीवर जमाखर्च जुळत नाही तेव्हा मी मुनीमाला हीच गोष्ट सांगतो, तो टाळी काही वाजवत नाही, पण बसतो.

आता १६३३. मलिक अंबर होता तोवर निजामशाही टिकली, त्यानंच १६१० ला खडकी वसवली म्हणजे आजचं संभाजीनगर. तो गेल्यावर सगळं विसकटलं. १६२९ ला सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांना, म्हणजे जिजाऊंच्या वडलांना, याच किल्ल्यात दरबारात बोलावून दगा करून मुलांसकट मारलं. सिंदखेडराजा आमच्या जालन्याहून तासाच्या आत आहे, तिथं वाड्यापुढं गर्दी असते, पण ते गेले कुठं हे दौलताबादला आलेल्या माणसाला कुणी सांगत नाही, साधी पाटी नाही दिसली. त्याच्या मागोमाग १६३० ते ३२ चा तो भयानक दुष्काळ, तुकोबांच्या घरात माणसं उपाशी मेली तो. पाऊस नाही, पीक नाही, गावं उठली. आणि दुष्काळ सरतोय न सरतोय तोच शहाजहानचा सरदार महाबतखान वेढा घालून बसला.

आत मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान आणि नावाला एक पोरवयाचा निजामशहा. कोठारात काय असणार होतं दोन वर्षांच्या दुष्काळानंतर! मोगलांनी सुरुंग लावून अंबरकोट फोडला, मग महाकोट फोडला, पण तो तासलेला डोंगर तसाच उभा, त्याला सुरुंग काय करणार. खरी लढाई चालली होती ती बाहेर, धान्याच्या गोण्यांवरून. विजापूरची फौज, तिच्यात रणदुल्लाखान आणि शहाजीराजे, हे किल्ल्यात रसद घुसवायचा प्रयत्न करत होते, आणि मोगल ती मधेच पकडत होते. उलट मोगलांकडं येणारं धान्य हे लोक तोडायला बघत होते. त्या काळी फौजेला धान्य म्हणजे लमाण-वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे, एकेका बैलाच्या पाठीवर गोणी, मैलभर लांब रांग, अशा रांगेला जपणं किती अवघड ते ज्यानं दोन ट्रक रात्रीचे घाटातून आणलेत त्याला विचारा. शेवटी आत जनावरं मरायला लागली, माणसं मरायला लागली, आणि फत्तेखानानं पैसे घेऊन किल्ला दिला. त्याला फितूर म्हणा, मला काही त्याची बाजू घ्यायची नाही, तो माणूस तसा धड नव्हताच. पण भरलेलं कोठार असतं तर त्याला विकायला एवढी घाई झाली असती का? पुढं १७६० ला उदगीरच्या लढाईनंतर किल्ला मराठ्यांकडं आला तो पण तहात, कागदावर.

पाण्याची गोष्ट मात्र उलटी आहे. पाण्याच्या बाबतीत इथले लोक जबरदस्त होते आणि मराठवाड्यातल्या माणसानं तर हे बघायलाच पाहिजे. आत शिरल्यावर पुढं डाव्या-उजव्या हाताला बघत चला, हत्ती हौद लागतो. ४७ मीटरच्या आसपास लांब, तेवढाच रुंद, साडेसहा मीटर खोल. कोटभर लिटरच्या वर पाणी राहील त्यात, म्हणजे आपला १२ हजार लिटरचा टँकर धरला तर आठशेच्या वर खेपा. लोक काठावर उभं राहून सेल्फी काढतात आणि जातात. थोडं थांबा आणि विचार करा हे पाणी आलं कुठून, कारण हौदाला नदी नाही का ओढा नाही. बाजूच्या डोंगरातून भाजक्या मातीच्या नळांनी आणलं होतं, ते नळ अजून काही ठिकाणी भिंतीत, जमिनीत तुटलेले दिसतात, हाताच्या पंजाएवढं तोंड, एकात एक बसवलेले, सांध्यावर चुना. सरस्वती बावडी वेगळी, वर खडकात खोदलेली टाकी वेगळी. खंदकावरचा जुना दगडी पूल वरच्या लोखंडी पुलावरून खाली वाकून बघा, त्याचा मधला भाग मुद्दाम खोल ठेवलाय, खंदकातलं पाणी वाढवलं की तो पाण्याखाली. म्हणजे पाणी प्यायला पण आणि दार लावायला पण. आपण २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. सात-आठशे वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी डोंगरमाथ्यावरचा थेंब थेंब वळवून हौदात आणलेला, आणि आमच्या जालन्यात मे महिन्यात नळाला पाणी आलं की शेजारी फोन करून सांगतात.

जायचं असेल त्यांना दोन-चार कामाच्या गोष्टी. तिकीट माणशी २५ रुपये होतं, लहान पोरांना लागत नाही. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास म्हणतात, मी मोजल्या नाहीत, गुडघ्यांनी मोजल्या. सकाळी दार उघडल्या उघडल्या आत शिरा, दहानंतर तो काळा खडक तापतो. डिसेंबर-जानेवारी चांगला, ऑगस्ट-सप्टेंबरमधे हिरवंगार असतं पण पायऱ्या निसरड्या. अंधारीत खरंच काही दिसत नाही, वटवाघळांचा वास, वळणावळणाचा चढ, मोबाईलचा उजेड खाली पायाकडं ठेवा, छताकडं मारू नका. शेवटी वर एक तोंड आहे तिथं लोखंडी झाकण टाकून वर आग पेटवायचे म्हणजे धूर आत कोंडावा, गाइड तिथं गरम तेलाची गोष्ट पण सांगतो, ऐका आणि सोडून द्या, तेलाचा भाव बघता कुणी ओतत बसलं असेल असं मला तरी वाटत नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना बाहेरच्या बाजूनं पायऱ्या आहेत. वर बारादरी, शहाजहान आला होता तेव्हाची, तिच्या खिडकीतून खालचा मिनार काडीएवढा दिसतो. बहुतेक लोक इथंच थांबतात, थांबू नका, आणखी वर चढा, जनार्दनस्वामींची समाधी आणि माथ्यावरची तोफ तिथं आहे. उतरताना चिनी महाल बघा, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा इथं कैदेत होता, बारा वर्ष, मरेपर्यंत. माकडांसमोर पिशवी उघडू नका. बाहेर आल्यावर हंगाम असेल तर सीताफळं घ्या, पण टोपलीच्या तळाची पण बघून घ्या, वर मोठी खाली बारकी हा धंदा सगळीकडं आहे.

आता तक्रार. ज्या किल्ल्यात कोटभर लिटरचा हौद आहे तिथं आम्ही गेलो तेव्हा खंदकाच्या पुढं, वर माथ्यापर्यंत, प्यायच्या पाण्याची सोय कुठं दिसली नाही. लोक बाटल्या घेऊन चढतात आणि रिकाम्या झाल्या की खंदकात टाकतात, पुलावरून खाली बघाल तर दिसतंच. एक म्हातारी आजी बारादरीच्या खाली बसली होती, मुलगा परत खाली पाणी आणायला गेला होता. बारादरीजवळ एक पाण्याची टाकी आणि बाटली परत आणली तर पैसे परत अशी काहीतरी व्यवस्था ज्यांच्याकडं हे काम आहे त्यांनी करावी, बाकी ठिकाणी होतं ते इथं का होऊ नये. २०२५ च्या एप्रिलमधे वाळलेल्या गवतानं पेट घेऊन किल्ल्यावर मोठी आग लागली होती, तेव्हा तरी वर पाणी असण्याचं महत्त्व कळायला हवं होतं. उन्हाळ्याआधी गवत कापायला गावातली माणसं लावली तर कापणाऱ्याला चारा आणि किल्ल्याला सुरक्षा, यात कुणाचं नुकसान नाही.

दुसरी मागणी पाट्यांची. हत्ती हौदाजवळ मराठीत मोठी पाटी लावा, नळ कुठून कसे आले त्याचा नकाशा काढा, फुटलेले नळ दाखवा. शाळेच्या सहलीतल्या पोरांना अंधारीत ओरडायला आवडतं ते ओरडू द्या, पण त्याआधी मास्तरांनी अर्धा तास हौदावर बसवावं आणि वर सांगितला तसला हिशोब करायला लावावा, हजार माणसं, सहा महिने, किती धान्य, किती पाणी. सातवीच्या पोराला जमतं ते, मी माझ्या नातवाकडून करून घेतलंय, त्यानं घोड्यांचा हरभरा पण धरला.

जागा कमी असेल तर उंदरांचं आणि सीताफळाचं कापलं तरी चालेल, पाण्याच्या टाकीची मागणी तेवढी पूर्ण छापा.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
नवा मोंढा, जालना